जरा : निसर्गाची आणि समाजाची

तथागतांनी दुःखाचे विवेचन करताना जातीनंतर, म्हणजे जन्मानंतर, लगेच जरेचा उल्लेख केला आहे. महासतिपट्ठान सुत्तात जरेची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत गूढ असे काहीच नाही. दात पडणे, केस पिकणे, त्वचेला सुरकुत्या पडणे, आयुष्य घटत जाणे आणि इंद्रिये जीर्ण होणे, ही सारी निरीक्षणाने पटणारी लक्षणे आहेत. आधुनिक जीवशास्त्राने हाच शोध पेशीपर्यंत नेला आहे.

कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातील पेशी शरीराबाहेर अखंड वाढू शकतात, असे अलेक्सिस कॅरेल या शास्त्रज्ञाने १९१२ पासून प्रतिपादन केले. त्यामुळे पेशी मूलतः अमर आहे, असा समज दृढ झाला. परंतु इतरांना तो प्रयोग यशस्वी करता आला नाही. १९६१ साली लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवून दिले की, मानवी शरीरातील सामान्य पेशी सुमारे ५० वेळा विभागते आणि नंतर थांबते. अमरत्वाचा दावा अनुभवाच्या कसोटीवर टिकला नाही.

पेशी का थांबते? गुणसूत्रांच्या टोकांना 'टेलोमिअर' नावाचे संरक्षक भाग असतात. बहुतेक पेशींत प्रत्येक विभाजनाबरोबर ते थोडे आखूड होतात. फार आखूड झाले की पेशीचे विभाजन थांबते. या टोकांवरील संशोधनासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र टेलोमिअर हेच जरेचे एकमेव कारण नव्हे. जनुकद्रव्याची हानी, पेशीतील ऊर्जानिर्मितीचा बिघाड, थांबलेल्या पेशींमुळे वाढणारा दाह अशी अनेक कारणे परस्परांवर अवलंबून कार्य करतात. तथागतांना पेशीविज्ञान अवगत होते, असा याचा अर्थ काढणे अडाणीपणाचे ठरेल. परंतु कारणांवाचून कार्य नाही, ही प्रतीत्यसमुत्पादाची दृष्टी आणि विज्ञानाची दृष्टी येथे एकाच दिशेने जातात. त्या दिशेला आत्मा किंवा पूर्वजन्मीच्या पापाची शिक्षा यांना स्थान नाही.

कारणे असतील तर त्यांत परिस्थितीचाही वाटा असणार. २००४ साली एलिसा एपेल, ब्लॅकबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मातांच्या रक्तपेशी तपासल्या. त्यांपैकी अनेकजणी दीर्घकाळ आजारी असलेल्या मुलांची शुश्रूषा करीत होत्या. ज्या मातांना अधिक मानसिक ताण जाणवत होता, त्यांचे टेलोमिअर अधिक आखूड आढळले. एका अभ्यासाने सर्व सिद्ध होत नाही. तथापि अपुरे अन्न, अतिश्रम आणि सततची चिंता शरीर लवकर झिजवतात, हे कष्टकरी वस्तीत राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात एक मूलगामी प्रश्न उपस्थित केला आहे. वृद्ध, रोगी आणि मृत माणसे ही नित्य दिसणारी दृश्ये असताना, ती सिद्धार्थाला वयाच्या २९ व्या वर्षी प्रथमच दिसली, हे कसे मानावे? बाबासाहेबांनी गृहत्यागाचे कारण शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरील संघर्षात शोधले. केवळ जरेच्या दर्शनाने खिन्न होणे हा धम्माचा आरंभ नव्हे. माणसाने माणसाला दिलेल्या दुःखाचे निवारण हा त्याचा गाभा आहे.

म्हणून जरेचे दोन भाग करून पाहिले पाहिजेत. निसर्गाची जरा अनित्यतेचा नियम आहे. ती समचित्ताने स्वीकारावी. समाजाने लादलेली अकाली जरा मात्र नियम नसून अन्याय आहे. वृद्ध उपासक-उपासिकांना औषध, पोटभर अन्न आणि सन्मान मिळतो की नाही, हे पाहणे ही करुणेची कृती आहे आणि प्रत्येक विहाराचे ते कर्तव्य आहे.