पगची गोलाई आणि त्याचा आहार

बहरीनच्या उम्म अल हस्सममधील एखाद्या मराठी कुटुंबात पग जातीचा कुत्रा पाळलेला असला, म्हणजे त्याची गोलाई हेच निरोगीपणाचे लक्षण समजून तूप-पोळीचा तुकडा मायेने पुढे केला जातो. वस्तुतः प्रौढ पगचे प्रमाणभूत वजन सुमारे ६.३ ते ८.१ किलो असून, या ह्रस्वमुखी (आखूड, चपट्या नाकाच्या) प्राण्यास मुळातच अरुंद अशा श्वासमार्गाने धापा टाकूनच अंग निववावे लागते, आणि बहरीनच्या दमट उन्हाळ्यात चरबीचा भार तो मार्ग अधिकच कोंडतो. आपल्या पालथ्या पंज्याची हाडे बोटांना जशी जाणवतात, तशा पगच्या बरगड्या जाणवाव्यात. त्याची आर्जवी नजर हा भुकेचा पुरावा मानू नये. शिधा मोजून, वेळा मुकरर करून द्यावा. खाऊचा हिस्सा दैनिक उष्मांकांच्या (अन्नातील ऊर्जेच्या) दशांशाहून अधिक नसावा. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका मात्र विषारी म्हणून सर्वथा वर्ज्य.