तपासणीमुळे विमान हुकले, तर तिकिटाचे सगळे पैसे बुडतात का?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या तरुणांना विमानासाठी नागपूरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ गाठावे लागते. २५ नोव्हेंबर २०२० पासून दिल्लीहून महाराष्ट्रात विमानाने येणाऱ्यांकडे ७२ तासांतील आरटीपीसीआर निगेटिव्ह अहवाल मागितला जाई. अहवाल पॉझिटिव्ह आला की प्रवास थांबे.

अशा वेळी तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असले तरी सगळे पैसे बुडत नाहीत. डीजीसीएच्या नियमानुसार न वापरलेल्या तिकिटावरील सरकारी कर व विमानतळ शुल्क परत करावेच लागते. ते रोख घ्यायचे की पुढच्या तिकिटासाठी जमा ठेवायचे, हे प्रवाशाने ठरवायचे. मूळ भाडे व तारीखबदल मात्र तिकिटाच्या अटींवर अवलंबून.

म्हणून उड्डाणाआधीच कळवा, अहवाल जोडा, मागणी लेखी करा. दाद न मिळाल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करा. हक्काचा पैसा सोडू नका.