निवासी भूत, अर्थात एका बंगल्याचं पोस्टमॉर्टेम

होस्टेलवर सबमिशनचा आठवडा चालू होता. म्हणजे सगळे जागे होते आणि जर्नल कुणीच लिहीत नव्हतं. अशाच एका रात्री शेजारच्या रूममधल्या मेकॅनिकलवाल्याने सेलमध्ये घेतलेला 'रेसिडेंट ईव्हिल' माझ्यासमोर लावून दिला आणि म्हणाला, "हेडफोन घाल, दिवा बंद कर, आणि ओरडू नकोस, रेक्टर जागे आहेत."

मी ओरडलो. पण ते नंतर.

आधी नावाची गंमत. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९६ साली हा गेम प्लेस्टेशनवर आणला तेव्हा त्याचं नाव होतं 'बायोहॅझर्ड'. अमेरिकेत त्या नावाचा एक गेम आणि एक रॉक बँड आधीच होता, म्हणून कंपनीने आपल्याच लोकांत स्पर्धा घेऊन नवं नाव निवडलं. रेसिडेंट म्हणजे निवासी, ईव्हिल म्हणजे दुष्ट. चार वर्षं होस्टेलवर काढलेल्या माणसाला याचा वेगळा अर्थ सांगायची गरज नाही! (मी खेळलो ती २००२ साली नव्याने बनवलेली आवृत्ती, जी पीसीवर २०१५ साली आली.)

तर गोष्ट अशी. जुलै १९९८. अमेरिकेतल्या रॅकून सिटी नावाच्या काल्पनिक गावाबाहेर, डोंगरात, माणसं खाल्ली जातायत. तपासाला पोलिसांची एक खास तुकडी जाते, ती बेपत्ता होते. मग दुसरी जाते. तिच्यावर सडलेले कुत्रे धावून येतात, आणि हेलिकॉप्टरचा पायलट हे दृश्य बघून सगळ्यांना तिथेच टाकून उडून जातो. (प्रत्येक प्रोजेक्ट ग्रुपमध्ये असा एक पायलट असतो.) उरलेले चौघं एका बंगल्यात घुसतात. बंगल्याखाली अम्ब्रेला नावाच्या औषध कंपनीची गुप्त लॅब आहे, तिथून व्हायरस सुटलाय आणि स्टाफचे झोंबी झालेत. सगळ्यात मोठा धक्का म्हणजे तुकडीचा कॅप्टन वेस्कर हाच अम्ब्रेलाचा माणूस! त्याने स्वतःच्या टीमला इथे आणलं ते राक्षसांचं टेस्टिंग करायला. शेवटी तो मोठ्या अभिमानाने टायरंट नावाचा सर्वांत भारी राक्षस काचेतून बाहेर काढतो आणि तो राक्षस पहिला पंजा त्याच्याच पोटात घालतो. व्हायव्हात आपलं मॉडेल आपल्यावरच उलटतं ते असं.

आता इंजिनिअर म्हणून माझे आक्षेप.

भिंतीवर एक शॉटगन टांगलेली आहे. ती उचलून बाहेर पडायला गेलं की लगतच्या खोलीचं छत खाली यायला लागतं. उपाय काय, तर दुसरीकडून मोडकी शॉटगन आणून त्या हुकांवर ठेवायची. मेकॅनिकलवाला म्हणाला, "हुकाखाली स्प्रिंग आणि लिमिट स्विच असणार, वजन उतरलं की सर्किट पूर्ण. सोपं आहे." सोपं आहे हे मान्य. पण टनावारी छत उचलून धरणारी ती यंत्रणा एका बंदुकीच्या राखणीसाठी? एक कुलूप लावलं असतं तर?

कुलपंही आहेत म्हणा. दारांवर तलवार, चिलखत, शिरस्त्राण, ढाल अशी चिन्हं, आणि ज्याची त्याची वेगळी किल्ली. एक गुप्त दार तर पियानोवर बेथोवनचा 'मूनलाइट सोनाटा' वाजवल्यावर उघडतं. जिल वाजवू शकते. क्रिसला येत नाही, म्हणून त्याच्या वाटेला आलेल्या रिबेकाला तो रियाझाला बसवतो आणि स्वतः झोंबींमध्ये फेरफटका मारून येतो. तळघरात चार मुखवटे शोधून चार पुतळ्यांना लावायचे, मग साखळ्यांनी टांगलेली शवपेटी खाली येते. एवढ्या कष्टांचं बक्षीस म्हणून पेटीतून एक लालभडक राक्षस उठतो आणि तुमच्यावर धावतो. आणि लॅबकडे जायचा रस्ता अंगणातल्या कारंज्याखालून, तोही दोन पदकं बसवली तर! नाईट शिफ्टवाल्याने उशिरा आल्यावर काय करायचं हो? रोज कारंजं रिकामं करायचं?

यावर दोन रात्री मनसोक्त हसलो. तिसऱ्या रात्री कॉम्प्युटरवाल्या रूममेटने माझी शिकवणी घेतली. तो म्हणाला, गोष्ट मूर्ख नाही, मशीन लहान होतं. पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी २ मेगाबाइट. अख्खा बंगला त्यात मावणार कसा? म्हणून एका वेळी एक खोली. खोल्यांचं दृश्य म्हणजे आधी बनवून ठेवलेली चित्रं, त्यावर फक्त माणसं आणि झोंबी हलणारे. चित्र आहे म्हणजे कॅमेरा खिळलेला. त्यामुळे कोपऱ्यापलीकडचं तुम्हाला दिसत नाही, नुसतं पाय ओढत येणाऱ्याचं घोगरं कण्हणं ऐकू येतं. दार उघडताना पडदा काळा होतो आणि दार सावकाश, करकरत उघडतं. तेवढ्यात सीडीवरून पुढची खोली वाचली जाते. दार उघडण्याची कल्पना कॅपकॉमच्याच १९८९ सालच्या 'स्वीट होम' या गेममधून आलेली, पण इथे तिने वेळही झाकला आणि छातीत धडधडही भरली. आजच्या लॅपटॉपला तेवढी उसंत लागत नाही, तरी पीसीच्या आवृत्तीत ती दारं ठेवलीच आहेत. आणि किल्ल्या कशाला? तर त्याच त्या पॅसेजमधून तुम्ही दहादा जावं म्हणून. नव्या आवृत्तीत तर मारलेला झोंबी रॉकेल टाकून जाळला नाही, तर काही वेळाने जास्त चवताळून उठतो. त्यामुळे ओळखीचा पॅसेजच जास्त भीतीदायक होतो.

खिशाचं गणितही तसंच. क्रिसकडे ६ वस्तू मावतात, जिलकडे ८. औषधी पाल्याला एक जागा आणि अख्ख्या शॉटगनलाही एकच! गेम सेव्ह करायचा तर टाइपरायटर लागतो आणि दर वेळी शाईची एक रिबन खर्च होते. रिबनी मोजक्याच. एकदा रिबन वाचवायची म्हणून मी सेव्ह न करता पुढे गेलो, खिडकीची काच फोडून कुत्रा आत आला, आणि मी जो ओरडलो तो तळमजल्यापर्यंत ऐकू गेला म्हणतात. दीड तासाची मेहनत गेली. रेक्टरना 'पाल होती' असं सांगितलंय, कृपया हे पान त्यांना दाखवू नये.

पण बंगल्यात एक डायरी सापडते, तिथे माझं हसू जरा अडकलं. प्राण्यांची देखभाल करणाऱ्या एका साध्या नोकराची. पहिल्या दिवशी मित्रांबरोबर पत्ते, त्यातला एक फसवून जिंकतो असा संशय. अगदी आपल्या विंगसारखं. मग एका पहाटे त्याला उठवून संरक्षक सूट चढवतात. लॅबमध्ये अपघात झालाय एवढंच सांगतात. दुसऱ्या दिवशी अंगाला खाज सुटते, तर तो त्या रागात कुत्र्यांना खायला घालत नाही. पाठ सुजते म्हणून दवाखान्यात जातो. तिथे मोठी पट्टी लावतात आणि सांगतात, आता सूट घालायची गरज नाही. त्याला यात बरंच वाटतं! पुढे वाक्यं आखूड होत जातात, आणि शेवटी नुसते दोन शब्द उरतात. ते मी इथे सांगत नाही, स्वतः वाचा. या सबंध काळात त्याला नक्की काय झालंय हे एकाही माणसाने त्याला सांगितलेलं नाही.

आणि या गोष्टीत एक आर्किटेक्टही आहे. जॉर्ज ट्रेव्हर, न्यूयॉर्कचा. २००२ च्या आवृत्तीत त्याचे कागद ठिकठिकाणी मिळतात. ती छतं, ते मुखवटे, ती गुप्त दारं सगळी त्याच्या डिझाइनची. १९६७ साली काम पुरं झाल्यावर मालक स्पेन्सर त्याला बायको-मुलीसह पाहुणा म्हणून बोलावतो, आणि मग त्याच्याच बंगल्यात कोंडतो, कारण त्यातलं सगळं माहीत असलेला बाहेरचा माणूस तोच. बायको आणि चौदा वर्षांची लिसा यांच्यावर व्हायरसचे प्रयोग होतात. आई मरते. लिसा मरत नाही. हातात बेड्या, पाठीला कुबड, अशी ती ३१ वर्षांनंतरही तिथे आईला शोधत फिरतेय. तिच्यावर गोळ्या झाडून उपयोग नाही, मी सगळ्या संपवून बघितल्या. शेवटी आईची शवपेटी उघडते तेव्हा ती आईची कवटी उचलते आणि खाली दरीत उडी घेते. त्यानंतर मी कंट्रोलर खाली ठेवला.

बाप आपणच आखलेल्या वाटांनी सुटायला बघत फिरतो. शेवटी एका भुयारात पोचतो तर समोर थडगं, त्यावर त्याचंच नाव कोरलेलं. ते आधीपासून तयार होतं.

हे दृश्य आलं तेव्हा सिव्हिलवाला मागे उभा राहून मॅगी खात होता. थांबला. म्हणाला, "जरा मागे घे, परत बघू." परत बघितलं. मग बराच वेळ तो काही बोलला नाही, आणि पातेलं घासायला जाता जाता दारातून म्हणाला, "फायनल बिलही राहिलं असणार रे त्याचं."