शेजाऱ्याकडून उसना भात

आषाढातील एखाद्या दुपारी कॉटन ग्रीन स्टेशनाबाहेर पडून जुन्या वखारींच्या लांबच लांब भिंतींच्या कडेने चालू लागले म्हणजे छपरांवरून अखंड निथळणाऱ्या पाण्याचा जो एकसुरी नाद कानी पडतो, तोच नाद जपानातील कुराशिकी गावी, एका पांढऱ्या वखारीच्या वळचणीस अंग चोरून उभा असताना, मला पुन्हा ऐकू आला. हा योगायोग अगदीच निराधार नव्हता. १८९३ साली निप्पॉन युसेन कैशा या कंपनीने जमशेटजी टाटांच्या साहाय्याने कोबे ते मुंबई अशी आगबोटींची फेरी सुरू केली, ती मुख्यत्वे हिंदी कापसाच्या गाठी जपानी गिरण्यांना पुरविण्यासाठीच. त्या काळी मुंबईचा कापसाचा बाजार कुलाब्यास भरत असे, शिवडीकडे तो पुढे आला.

‘कुरा’ म्हणजे वखार. सतराव्या शतकाच्या मध्यापासून हे गाव कोणा सरदाराच्या जहागिरीत नसून थेट शोगुनच्या अंमलाखाली, आपल्या परिभाषेत खालसा मुलूख, होते. तांदूळ आणि कापूस होड्यांतून येई आणि कालव्याकाठच्या वखारींत साठविला जाई. १८८९ साली येथे उभी राहिलेली विटांची सूतगिरणी बंद पडल्यावर पाडली गेली नाही. १९७४ साली तिचे प्रवासी निवासात रूपांतर झाले. (गिरणगावात वाढलेल्या माणसाने तिच्या वेलींनी झाकलेल्या भिंतींकडे फार वेळ पाहू नये.)

गंमत अशी, की कुराशिकी ज्या ओकायामा प्रांतात आहे, तो स्वतःला ‘निरभ्र आकाशाचा मुलूख’ म्हणवून घेतो. तथापि जूनमधील ‘त्सुयु’पुढे कोणाचेच चालत नाही. हा शब्द ‘आलुबुखार’ आणि ‘पाऊस’ या अर्थांच्या दोन चिन्हांनी लिहितात, कारण त्या जातीची फळे याच दिवसांत पिकतात. छत्री निरुपयोगी ठरली तेव्हा मी वखारीतच थाटलेल्या एका लहानशा खाणावळीचा पडदा सारून आत शिरलो.

प्रथम आली ती ‘बाराझुशी’. सुशी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भाताच्या आटोपशीर वळकट्या येतात. येथे मात्र शिरक्यात कालविलेल्या मोकळ्या भातावर आमच्या सुरमईच्याच कुळातील सावारा मासा, कोळंबी, कमळकाकडी, अळंबी आणि अंड्याच्या केसासारख्या बारीक पट्ट्या अशी काही रेलचेल होती, की भात शोधावा लागावा. आख्यायिका अशी, की सतराव्या शतकात ओकायामाचा अधिपती इकेदा मित्सुमासा याने काटकसरीसाठी रयतेस ‘एक सार, एक कालवण’ असा हुकूम फर्माविला, तेव्हा रयतेने हुकमाची अक्षरे तंतोतंत पाळून सारे मासे व भाज्या भातातच मिसळल्या आणि ‘हा तर केवळ भात’ म्हणून मोकळी झाली. सरकारी फर्मानातून इतकी रुचकर पळवाट काढणाऱ्या लोकांविषयी मला तत्काळ आपलेपणा वाटला.

त्यामागून आले शिरक्यात मुरविलेले, बोटभर लांबीचे चंदेरी मासे. त्यांचे नाव ‘मामाकारी’. मराठी माणसास येथे मामाची आठवण व्हावी. पण ‘मामा’ म्हणजे शिजलेला भात आणि ‘कारी’ म्हणजे उसना घेणे. हा मासा तोंडी लावला असता घरातला भात संपतो आणि शेजारी वाटी घेऊन जावे लागते, असा त्या नावाचा इतिहास सांगतात. आपल्या तारलीचा हा जवळचा नातलग, परंतु तिखट नाही, हळद नाही, फोडणी नाही. केवळ आंबट धार आणि तिच्यामागून सावकाश उमलणारी समुद्राची चव. पहिल्या घासास, खोटे कशाला बोला, मला सुक्या लाल मिरचीची उणीव भासली. तिसऱ्या घासास मी तिला विसरलो.

बाहेर कालव्याच्या पाण्यावर पावसाचे थेंब उठत होते. बाराझुशीचे पात्र रिते झाले होते, ताटलीत दोन मामाकारी शिल्लक होत्या. मी पात्र किंचित उचलून दाखविताच खाणावळीच्या बाई हसल्या आणि, मी काही विचारण्यापूर्वीच, भाताचे भांडे आणण्यासाठी आत वळल्या.