प्रदर्शनाला जॉबरलाही न्या

सुरतेच्या उत्तरेला तापी ओलांडून अमरोलीच्या पुढे गेलं की कोसाड लागतं. रेल्वे स्टेशन, महापालिकेची भलीमोठी आवास वसाहत आणि आसपासच्या पट्ट्यात विखुरलेले विणाईचे कारखाने अशी या भागाची ओळख. सुरतेच्या मागांवर ओडिशातले कामगार आहेत, तसे ताप्ती लाइनच्या गाडीने जळगाव-नंदुरबारकडून आलेले आपले खानदेशी कामगारही पुष्कळ. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सरसाण्याला, दक्षिण गुजरात चेंबर ऑफ कॉमर्सचं प्रदर्शन केंद्र आहे. १९४० साली स्थापन झालेलं हे चेंबर तिथं वस्त्रोद्योगाचं ‘सिटेक्स’ प्रदर्शन भरवतं, सुताचा यार्न एक्स्पोही भरवतं. लहान कारखान्यातून अशा ठिकाणी साधारणपणे एकटे शेठच जातात, फार तर मुलाला बरोबर घेतात. ही रीत बदलली पाहिजे. प्रदर्शनात पाहिलेल्या गोष्टीचं खरं मोल कारखान्यात परतल्यावर ठरतं, आणि तिथं ती गोष्ट चालवायची असते दुसऱ्यांनीच.

वॉटरजेट मागाचंच उदाहरण घ्या. स्टॉलवर तो मिनिटाला किती पिक मारतो आणि केवढ्याला पडतो, हे शेठ बघतात. मास्टरच्या डोक्यात धागा असतो. पाण्याच्या फवाऱ्याने बाणा फेकणारा हा माग पॉलिएस्टर, नायलॉनसारख्या पाणी न शोषणाऱ्या धाग्यालाच मानवतो. उद्या व्हिस्कोसची ऑर्डर आली तर त्याचा काही उपयोग नाही. तिथं रॅपिअर लागतो, तो वेगाला कमी असला तरी धाग्याची निवड फारशी करत नाही. जॉबरची चिंता आणखी निराळी. आपल्या बोअरचं पाणी जड आहे, नोझलमध्ये क्षार धरला तर काय करायचं, पंपाचा सुटा भाग सुरतेत मिळेल की बाहेरून मागवावा लागेल, हे तो विचारणार. हिशेबनीस विजेचा वाढीव भार, पाणी शुद्ध करण्याचा खर्च आणि कर्जाचा हप्ता मांडणार. यातला एक प्रश्न जरी विचारायचा राहिला, तरी माग बसवल्यानंतर त्याचं उत्तर फार महागात पडतं.

यावर कुणी म्हणेल, शेठ परत येऊन सांगतीलच की! मोबाइलवर व्हिडिओ काढून आणतील. पण सांगणं आणि पटणं यांत किती अंतर आहे, याचा चांगला पुरावा पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये मिळाला. फुटबॉल बनवणाऱ्या या शहरात डेव्हिड ॲटकिन, अमित खंडेलवाल, एरिक व्हरहुगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही कारखान्यांना रेक्झिनची नासाडी कमी करणारा कापणीचा नवा साचा दिला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, फायदा उघड असूनही पंधरा महिन्यांनंतर तो वापरणारे कारखाने फारच थोडे होते. कापणाऱ्या कारागिराला नगावर मजुरी मिळत होती. नव्या साच्याने निदान सुरुवातीला त्याचा हात मंदावणार होता, आणि वाचलेल्या रेक्झिनचा पैसा त्याच्या खिशात येणार नव्हता. म्हणून साच्यात काही अर्थ नाही, असंच तो मालकाला सांगत राहिला. पुढे काही कारखान्यांतल्या कारागिरांना एक अट घालण्यात आली: नवा साचा मालकासमोर नीट चालवून दाखवायचा आणि सुमारे महिन्याच्या कमाईएवढी रक्कम घ्यायची. तेव्हा वापर ठळकपणे वाढला.

हा अभ्यास प्रदर्शनांचा नव्हता, हे मान्य. पण सुरतेच्या मागांवरही नगावर किंवा मीटरवर मजुरी घेणारे कामगार भरपूर आहेत, त्यामुळे त्याचा धडा इथं थेट लागू पडतो, असं मला वाटतं. मालक आणि कारागीर यांनी एकच यंत्र एकाच वेळी पाहिलं, कारागिराने ते हाताळलं, मजुरीचं काय होणार हे तिथंच बोलून घेतलं, तर मागाहून येणारा अविश्वास बराच टळतो. दुसरा दाखला आपल्या आणखी जवळचा. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी मुंबईलगत तारापूर-उंबरगाव भागातल्या कापड कारखान्यांत प्रयोग केला. काही कारखान्यांना महिनाभर तपासणी करून दोष दाखवून दिले. बाकीच्यांना तपासणीनंतर आणखी चार महिने, प्रत्यक्ष खात्यात उभं राहून, सुधारणा अमलात आणायला मदत केली. या दुसऱ्या कारखान्यांची उत्पादकता पहिल्याच वर्षी १७ टक्क्यांनी वाढली. नुसती तपासणी झालेल्यांच्या कारभारात मात्र फार थोडा फरक पडला.

शेठ लोकांचा मोठा आक्षेप खर्चाचा. कोसाडहून सरसाण्याला जायला ना हॉटेल लागतं ना रेल्वेचं तिकीट, पण पाळी बुडते, हे खरं आहे. ती झळ कारखान्यानेच सोसायला हवी. मीटरवर कमावणाऱ्या माणसाला बिनपगारी दिवस काढून चल म्हटलं, तर तो येणार नाही, आणि आला तरी मनापासून पाहणार नाही. दुसरी भीती, माणूस बाहेरच्यांच्या ओळखी करून घेईल आणि जास्त मजुरीवर निघून जाईल. पण जिथं कारखान्याला कारखाना लागून आहे, तिथं शेजारचा दर त्याला रोज चहाच्या टपरीवर कळतो, त्यासाठी प्रदर्शनाची गरज नाही. तिसऱ्या आक्षेपात मात्र मला तथ्य दिसतं. चौघं गेले की चौघंही एकत्रच हिंडतात, पिशव्या भरून पत्रकं आणतात आणि ती तशीच पडून राहतात. तेव्हा कुणी कोणते स्टॉल पाहायचे, कुणी चर्चासत्राला बसायचं, हे आदल्या दिवशी ठरवून घ्यावं, आणि त्याच संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून कागदावर उतरवावं. नुसता सुताचा भाव काढायचा असेल तेव्हा शेठ एकटे गेले तरी चालेल.

पण यंत्र घ्यायचं असेल तर नाही. पुढच्या सिटेक्सला जाल तेव्हा मास्टर आणि जॉबरला त्या दिवसाची पूर्ण मजुरी देऊन बरोबर न्या, आणि त्यांनी हात लावून पाहिल्याशिवाय मागाचा सौदा करू नका.