घरची शिल्लक आणि मुलांची सहल

दिवाळी तोंडावर आली की मध्यमवर्गीय घरांतून एक संवाद हटकून ऐकू येतो. वर्षभर काटकसर करून चार पैसे गाठीला जमलेले असतात आणि मुलांच्या शाळेला सुट्टी लागलेली असते. "आपण कुठे तरी जाऊ या ना," असे मुले म्हणतात, आई त्यांच्या बाजूने एखादे वाक्य बोलते, आणि वडील वर्तमानपत्रातून मान वर न काढता उत्तर देतात, "पुढच्या वर्षी पाहू." ह्या 'पुढच्या वर्षी पाहू'चाच विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. साठविलेला पैसा मुलांसह दोन-तीन दिवसांच्या सहलीवर खर्च करणे ही उधळपट्टी होय काय? नसेल, तर तो खर्च कोणत्या मर्यादेत करावा?

प्रथम वडिलांची बाजू ऐकून घेऊ, कारण ती पोकळ नाही. आपला यवतमाळ जिल्हा हा कापसाचा जिल्हा. येथे पैसा घरात येतो तो मुख्यतः दसरा-दिवाळीपासून पुढे चार-सहा महिने. खर्च मात्र बाराही महिने चालू असतो. ज्याच्या नावावर शेत नाही अशा दुकानदाराची, वकिलाची, डॉक्टरांची मिळकतही पुष्कळ अंशी ह्याच चक्रावर फिरते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने उभे पीक पोखरले, तेव्हा त्याची झळ शिवारापुरती राहिली नाही. ती यवतमाळच्या, वणीच्या, पुसदच्या बाजारपेठेतही पोहोचली. कर्जापायी घरे कशी खचतात हे ह्या जिल्ह्याला बाहेरून कोणी येऊन सांगावयास नको. म्हणून ऋण काढून सण करू नये ही म्हण येथे केवळ पाठांतराची राहिलेली नाही. उसनवारीवर, हप्त्यांवर किंवा दागिना गहाण टाकून केलेली सहल, मग ती कितीही रम्य असो, त्याज्यच समजावी.

परंतु एवढ्यावरून सहल म्हणजे चैनच, असा निष्कर्ष काढणे न्यायाचे होणार नाही. शिल्लक शिल्लक आपण म्हणतो, ती वस्तुतः एकच वस्तू नव्हे. तिचे तीन भाग पडतात. पहिली संकटाची शिल्लक: आजारपण आले, नोकरी गेली, तर काही महिने घर चालावे एवढी. दुसरी उद्देशाची शिल्लक: मुलांचे शिक्षण, घराचे छप्पर, म्हातारपण ह्यांसाठी राखलेली. आणि तिसरी हौसेची शिल्लक. सहलीचा हक्क फक्त ह्या तिसऱ्या शिलकेवर आहे. पहिल्या दोहोंना हात लावण्याचा तिला अधिकार नाही. ह्याची एक सोपी कसोटी आहे. सहलीहून परतल्यावर आठ दिवसांत घरातील कोणी आजारी पडले, तर कोणापुढे हात पसरावा लागेल काय? उत्तर 'होय' असेल, तर ती सहल अजून आपली झालेली नाही. उत्तर 'नाही' असेल, तर मग मात्र पुढच्या वर्षावर ढकलण्यास सबळ कारण उरत नाही.

ही तिसरी शिल्लक आपोआप साचत नाही. तिला वेगळे भांडे लागते. दरमहा पाचशे रुपये बाजूला काढले तर वर्षाकाठी सहा हजार होतात. मोठ्या शहरांतील श्रीमंती सहलीला ही रक्कम हास्यास्पद वाटेल. परंतु जिल्ह्याच्या परिसरात चौघांनी दोन दिवस जाऊन यावयास ती पुरविता येते. शिवाय वर्षभर ह्या भांड्यात पैसे पडताना मुलांनी पाहिले, म्हणजे सहलीचा आनंद निघण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. नेदरलँड्समध्ये सुमारे दीड हजार प्रौढ व्यक्तींची पाहणी करून २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसून आले की, सुट्टीवर जाणाऱ्यांचा अधिकचा आनंद मुख्यतः प्रवासापूर्वीचा असतो. परतल्यावर बहुतेकांच्या बाबतीत तो लवकर ओसरतो, आणि सुट्टी अधिक दिवसांची होती म्हणून तो अधिक टिकतो असेही नाही. हे खरे मानले, तर सामान्य कुटुंबाला त्यातून मोठाच दिलासा मिळतो. आठ दिवसांच्या एका दूरच्या प्रवासापेक्षा दोन-दोन दिवसांच्या दोन जवळच्या सहली अधिक फळ देतात. कारण वाट पाहण्याचे सुख दोनदा मिळते.

जवळच्या सहलीचा दुसरा लाभ हिशेबातच दिसतो. दूरच्या प्रवासात पैशाचा आणि वेळेचा मोठा भाग वाटेतच संपतो, आणि लहान मुलांना वाटेचाच कंटाळा अधिक. उलट राज्य परिवहन महामंडळाच्या गाडीने जवळपास जाणाऱ्या कुटुंबाचे भाडे किती पडते ते पाहा. पाच वर्षांखालील मुलास तिकीट नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलास अर्धे तिकीट. मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे. आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या वृद्धांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवास. तेव्हा पती, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि शहात्तर वर्षांची आजी अशी पाच माणसे निघाली, तर भाडे पडते ते अवघ्या दोन पूर्ण तिकिटांचे! आजीच्या वयाचा दाखला तेवढा जवळ ठेवावा. आजीला बरोबर नेण्यात केवळ धर्मच आहे असे नाही. ती असली म्हणजे मुलांना गोष्टी सांगावयास माणूस मिळते, आणि आईबापांना दोन घटका एकमेकांशी बोलता येते.

आता जावे कोठे? मुलांना आवडेल अशी एक वाट यवतमाळहून कळंबकडे जाते. कळंब अवघ्या वीस-बावीस किलोमीटरांवर आहे. तेथील चिंतामणीचे देऊळ जमिनीच्या पातळीखाली असल्यामुळे दर्शनाला पायऱ्या उतरून जावे लागते. उंच डोंगरावरच्या देवाची सवय असलेल्या मुलांना ह्याचे मोठे नवल वाटते. वर्धा-यवतमाळ-नांदेड ह्या नियोजित लोहमार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रवाशांसाठी सुरू झाला. म्हणजे कळंबला चिंतामणीचे दर्शन घेऊन तेथूनच आगगाडीने वर्ध्यास जाण्याची सोय झाली आहे. मात्र गाडीचे दिवस आणि वेळा आधी नीट विचारून घ्याव्या, आणि परतीसाठी एस. टी. गृहीत धरावी.

वर्ध्यापासून सेवाग्राम हाकेच्या अंतरावर आहे. गांधीजी १९३६ च्या एप्रिलमध्ये तेथे राहावयास गेले, तेव्हा त्या खेड्याचे नाव शेगाव होते. मातीच्या भिंती आणि कौलारू छप्पर असलेली बापूकुटी मुलांना एकदा दाखवावीच. विलायतेत विद्यार्थी असताना आपण पैन् पैचा हिशेब लिहून ठेवीत होतो, असे गांधीजींनी आत्मकथेत सांगितले आहे; काटकसरीचा धडा देण्यास ह्याहून योग्य जागा कोणती? वर्ध्यातच १९३८ साली उघडलेले मगन संग्रहालय आहे. चरख्यांचे नाना प्रकार तेथे पाहावयास मिळतात. कापसाच्या जिल्ह्यातील मुलांना कापसापासून सूत कसे निघते हे ठाऊक नसावे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे! तेथून पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. दोन दिवस एवढ्यात सहज भरतात.

दुसरी वाट पांढरकवड्याकडची. नागपूर-हैदराबाद महामार्गावरील ह्या गावाजवळ टिपेश्वरचे अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेले हे सुमारे दीडशे चौरस किलोमीटरांचे सागवनी रान आज वाघांसाठी प्रसिद्ध आहे. येथे जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये रेडिओचा पट्टा बांधला. त्याच वर्षी पावसाळ्याच्या आरंभी तो आपले रान सोडून निघाला. शेते, नाले, रस्ते ओलांडीत महाराष्ट्र आणि तेलंगण ह्या दोन राज्यांतून तेराशेहून अधिक किलोमीटर चालला, आणि डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन पोहोचला. ही हकीगत मुलांना नकाशा पुढे ठेवून घरीच सांगावी. म्हणजे प्रत्यक्ष वाघ दिसला नाही तरी सहल फुकट गेली असे त्यांना वाटणार नाही. रानातील खर्च मुख्यतः वाहनाचा आणि वाटाड्याचा असतो. म्हणून दोन लहान कुटुंबांनी एकच वाहन वाटून घेतल्यास बोजा निम्म्यावर येतो. पावसाळ्यात अभयारण्य बंद असते, आणि वैशाखात तेथील ऊन लहान मुलांना सोसत नाही. थंडीचे दिवसच उत्तम.

तिसरे स्थळ सहस्रकुंड. उमरखेडच्या बाजूला पैनगंगा काळ्या खडकांवरून धारांनी कोसळते. ऐलतीर आपला, पैलतीर नांदेड जिल्ह्याचा. पावसाळा सरता सरता हे दृश्य फार देखणे असते. परंतु येथे पालकांनी एक गोष्ट कधीही विसरू नये. नदीच्या वरच्या अंगाला इसापूरचे मोठे धरण आहे. तेथून पाणी सोडले, म्हणजे आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असताही खालचे पाणी वाढू शकते. धबधबा दुरून पाहावा. खडकावर उतरण्याचा मोह मुलांना होतो, तो मोठ्यांनी आवरावा. आणि एवढेही जमण्यासारखे नसेल, तर यवतमाळ शहराजवळच निळोण्याचा तलाव आहे. कार्तिकात आवळीखाली पान मांडून जेवण्याची आपली जुनी चाल म्हणजे एका दिवसाची कौटुंबिक सहल नव्हे तर दुसरे काय? आपल्या वडीलधाऱ्यांनी तिला व्रताचे नाव दिले, एवढेच.

खर्चाचा हिशेब मुलांपासून लपवू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती एक वही द्यावी आणि सहलीचा जमाखर्च त्यालाच लिहावयास सांगावा. भाडे किती, जेवण किती, उरले किती, हे त्याने स्वतः मांडले की खेळण्यासाठीचा हट्ट पुष्कळदा आपसूकच मावळतो. पैसा मर्यादित आहे ही गोष्ट त्याला नकारातून न कळता निवडीतून कळते. आणि शाळेतील गणिताने जे साधत नाही ते अशा एका वहीने साधते. मात्र एका जागी काटकसर करू नये. निघताना दशम्या आणि चटणी बांधून घ्यावी, हे ठीक. पण दोन्ही दिवस घरच्या गृहिणीने परक्या ठिकाणी चूल मांडावी अशी योजना असेल, तर ती सहल बाकीच्यांची झाली, तिची झाली नाही. तिच्या विश्रांतीचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरावेत.

शेवटी पुन्हा त्या 'पुढच्या वर्षी'कडे वळतो. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही आपली शकुंतला रेल्वे पुष्कळांच्या स्मरणात असेल. कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लोहमार्गापर्यंत नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी घातलेला तो सुमारे ११३ किलोमीटरांचा अरुंद रूळ. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढीत होते. पुढे डिझेलचे आले. दारव्हा, कारंजा करीत ती आपल्या मंद चालीने जाई, आणि भाडे तर अगदीच थोडे. "मुलांना एकदा शकुंतलेतून नेऊन आणू," असे किती घरांतून म्हटले गेले असेल! गाडी रोजचीच होती, घाई कसली? आज त्या रुळांवरून गाडी धावत नाही. आणि ज्यांना न्यावयाचे होते ती मुलेही आता मुले राहिलेली नाहीत; कोणी पुण्यास, कोणी परदेशी आहेत. गाडी उद्या पुन्हा सुरू झाली, तरी खिडकीशी बसण्यासाठी भांडणारे ते वय काही परत यावयाचे नाही.

काटकसर म्हणजे खर्च न करणे नव्हे. योग्य खर्च योग्य वेळी करता यावा म्हणून अयोग्य खर्च टाळणे, ही खरी काटकसर. संकटाची शिल्लक वाट पाहू शकते, किंबहुना तिचे कामच वाट पाहण्याचे आहे. मुलांचे बालपण मात्र वाट पाहत नाही. तेव्हा पहिली दोन भांडी जपून झाकून ठेवा, तिसऱ्यातले थोडे मोजून घ्या, आणि ह्या सुट्टीत मुलांनी विचारले तर वर्तमानपत्र बाजूला ठेवून त्यांना एवढेच विचारा, "सांगा बरे, कळंबला जावयाचे की टिपेश्वरला?"