सुटीचा दिवस आणि परके शहर

शिक्षणासाठी घर सोडून दूरच्या गावी गेलेल्या विद्यार्थ्याला आठवड्याचे सहा दिवस जड जात नाहीत. जड जातो तो सातवा. सहा दिवस वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि खाणावळ यांत निघून जातात. रविवारी सकाळी मात्र खोलीतली शांतता अंगावर येते आणि घराची आठवण होऊ लागते. मग सोबत्यांपैकी कोणीतरी म्हणतो, ‘चला, शहर पाहून येऊ.’ दिवसभरात साधतील तितकी स्थळे उरकली जातात, छायाचित्रे काढली जातात आणि संध्याकाळी विद्यार्थी जसा गेला तसाच परत येतो. शहर पाहून झाले, पण ते परके होते ते परकेच राहिले. असे का व्हावे, आणि त्याला उपाय कोणता, हे एखाद्या प्रत्यक्ष शहराच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल.

हे उदाहरण जबलपूरचे घेऊ. १९४७ साली तेथे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, १९५६ साली विद्यापीठ आणि १९६४ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. शिक्षणाच्या निमित्ताने या शहरात येणाऱ्यांत मराठी मुलेमुलीही असतात. अशा एखाद्या विद्यार्थ्याची खोली जुन्या शहरातील दीक्षितपुऱ्यात आहे असे मानू. सुटीच्या दिवशी त्याची पहिली धाव बहुधा भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांकडे असते. कडे पाहण्याजोगे आहेतच. पण ते वीसबावीस किलोमीटर दूर आहेत, आणि शहर त्याच्या उंबरठ्यापासून सुरू होते. म्हणून सकाळ दीक्षितपुऱ्यासाठी ठेवावी आणि बरोबर एकच प्रश्न घ्यावा: आपण येथे येण्यापूर्वी येथे कोण कोण येऊन गेले?

दीक्षितपुऱ्यातच हितकारिणी सभेची शाळा आहे. ही संस्था १८६८ पासूनची. म्हणजे शिक्षणासाठी येथे येण्याची वहिवाट या विद्यार्थ्यापासून सुरू झालेली नाही. तेथून पायी जाण्याच्या अंतरावर कमानिया गेट आहे. रोज त्याखालून जाणाऱ्याला ती बाजाराची एक कमान वाटते. वस्तुतः ते १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक आहे. त्या वर्षी सुभाषचंद्र बोस १५८० विरुद्ध १३७७ मतांनी डॉ. पट्टाभी सीतारामय्या यांचा पराभव करून अध्यक्षपदी निवडून आले, आणि मार्च महिन्यात तापाने फणफणलेल्या स्थितीत अधिवेशनाला हजर राहिले. पुढच्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. देशाच्या राजकारणातील एवढी मोठी घटना या कमानीत उभी आहे, आणि तिच्या आसपास मिळणाऱ्या खव्याच्या जिलबीची चव घेत शेकडो माणसे तिच्याकडे न पाहता पुढे जातात.

थोडे पुढे टाऊन हॉल लागतो. मार्च १९२३ मध्ये या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा लावण्यावरून जो सत्याग्रह झाला, तोच पुढे नागपुरास गेला आणि झेंडा सत्याग्रह म्हणून देशभर गाजला. नागपूरकडच्या मुलाने या सत्याग्रहाची गोष्ट घरी ऐकलेली असते; तिचा आरंभ आपल्या खोलीपासून इतक्या जवळ झाला याची त्याला कल्पना नसते.

यानंतर एक अवघड गोष्ट येते. ‘येथे मराठी माणूस केव्हा आला?’ हा प्रश्न मराठी विद्यार्थ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर ऐकताना थोडे धैर्य हवे. या मुलखात गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्याची सत्ता होती. १७४२ साली पेशवे बाळाजी बाजीराव यांनी मंडल्यावर स्वारी केली. तीत राजा महाराजशाह मारला गेला. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी ते राज्य संपविले. १७९८ साली हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिला. शाळेच्या पुस्तकात ‘मराठ्यांच्या घोडदौडी’विषयी वाचताना घोड्यावर बसलेला माणूस आपला असतो. जबलपुरात ती घोडदौड समोरच्या बाजूने पाहावी लागते. ज्याच्या गावावरून घोडे गेले, त्याच्या दारात आज आपण भाडेकरू म्हणून राहतो आहोत, ही जाणीव लाजविणारी नाही. शहाणे करणारी आहे. याच गोंड राजवंशातील शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनी १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले. ज्यांना आपण एकदा हरविले होते, ते पुढे आपल्याही स्वातंत्र्यासाठी मेले.

पुढची आवक शांततेची होती. १८७० साली मुंबईकडून येणारा लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून येणारा लोहमार्ग जबलपूर येथे जोडले गेले. नागपूर ही राजधानी असलेल्या मध्यप्रांतात नोकरीच्या बदल्यांबरोबर माणसे इकडची तिकडे होत राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि नव्या मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास आले. तलवारीने आलेले गेले. पाटी, पेन्सिल आणि वकिलीची पुस्तके घेऊन आलेले राहिले.

येथवर दुपार होते. शहराच्या पश्चिमेस मदनमहालची टेकडी आहे. वर गोंड राजांचा लहानसा किल्ला आणि भोवती ग्रॅनाइटचे प्रचंड गोल धोंडे. त्यांपैकी एक धोंडा दुसऱ्यावर इतक्या थोड्या जागेत टेकलेला आहे की तो आता पडेल असे वाटावे. २२ मे १९९७ च्या भूकंपात शहरातील घरे कोसळली, तो धोंडा मात्र हलला नाही. या टेकडीवर बसून राणी दुर्गावतीचे स्मरण करावे. मोगल सेनेशी लढता लढता २४ जून १५६४ रोजी तिने प्राण दिले. जबलपूरच्या विद्यापीठाला १९८३ पासून तिचेच नाव आहे. पदवीच्या कागदावर जे नाव घेऊन विद्यार्थी घरी जाणार, ते कोणाचे हे त्याला ठाऊक असावे.

शहराच्या दुसऱ्या बाजूला बडा शिमला नावाची टेकडी आहे. १८२८ साली स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला या भागात दगड बनलेली मोठी हाडे सापडली. भारतात मिळालेले डायनोसॉरचे ते पहिले अवशेष. १८७७ साली लायडेकर या शास्त्रज्ञाने त्यांवरून एका नव्या प्रजातीला नाव दिले. पुढे ती हाडे गहाळ झाली, आणि २०१२ साली कोलकात्याच्या संग्रहात पुन्हा ओळखली गेली. ज्या थरात अशी हाडे मिळतात त्याला नर्मदेवरच्या लमेटाघाटावरून लमेटा असे नाव पडले आहे. या टेकडीवर त्या थराच्या माथ्यावर काळा खडक पसरला आहे. तो बेसाल्ट होय: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा, ज्याने सह्याद्री घडला, रायगड आणि राजगड उभे राहिले, तोच. घरापासून शेकडो कोस दूर आलेल्या मुलाच्या आधी त्याच्या गावचा दगड येथे येऊन बसला आहे.

मग भेडाघाटची वाट धरावी. वाटेत तेवर लागते. हीच कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी. १९५२ साली डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी येथे उत्खनन केले, आणि कलचुरींचे शिलालेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादून १९५५ साली प्रसिद्ध केले. दोघेही मराठी. मराठी माणूस या भूमीत असाही आला होता: जिंकण्यासाठी नव्हे, वाचण्यासाठी.

भेडाघाटला नर्मदा आधी धुवांधारला कोसळते आणि मग संगमरवराच्या उंच कड्यांमधून संथ होते. पावसाळ्यात नावा बंद असतात, आणि धबधब्याजवळचे खडक निसरडे असतात. तेथे धाडस दाखविण्यात पुरुषार्थ नाही. कडे पाहून झाल्यावर बहुतेक जण परत फिरतात. त्यांनी पायऱ्या चढून चौसष्ट योगिनींच्या मंदिरात जावे. दहाव्या शतकातील हे वर्तुळाकार आवार आहे. नाव चौसष्टचे असले तरी कोनाडे ऐंशीहून अधिक आहेत. मोजून पाहिल्याशिवाय नावावर विश्वास ठेवू नये, हा धडा विद्यार्थ्याला येथे फुकट मिळतो.

याच भेडाघाटच्या एका शिलालेखात, ११५५ साली, अल्हणदेवी या कलचुरी राणीने शिवमंदिर बांधल्याची नोंद आहे. ती स्वतः मेवाडच्या गुहिल घराण्यातून सून म्हणून इकडे आली होती. म्हणजे तीही परमुलखातली. मंदिराबरोबर तिने एक मठ बांधला, बागा लावल्या आणि एक व्याख्यानशाला उभारली. दूरवरून आलेल्या एका स्त्रीने साडेआठशे वर्षांहून अधिक काळापूर्वी, शिकणाऱ्यांना बसायला जागा हवी म्हणून नर्मदेच्या काठी एक दालन बांधले. पुढे ती शिळाही अमेरिकेला नेली गेली. लेख परदेशी गेला, पण त्यातील इच्छा दीक्षितपुऱ्याच्या शाळेत आणि विद्यापीठाच्या वर्गांत आजही चालू आहे.

पाहिलेल्या स्थळांची संख्या वाढविल्याने शहर आपले होत नाही. एका स्थळापासून दुसऱ्यापर्यंत आणि तेथून स्वतःपर्यंत जो धागा जातो तो सापडला, म्हणजे ते आपले होते. जबलपुरास जे खरे, ते पुण्यास, वाराणसीस किंवा लंडनलाही खरे. प्रश्न बरोबर नेला पाहिजे एवढेच. रात्री दीक्षितपुऱ्यात परतलेल्या विद्यार्थ्याची खोली सकाळी होती तेवढीच असते. घराची आठवणही जात नाही, आणि जाऊ नये. परंतु खिडकीबाहेरची गल्ली आता मुकी राहिलेली नसते, आणि पुढचा रविवार पहिल्याइतका जड जात नाही.